बारा दिवस बाहेर

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पाच सेकंद गेलेच कुठेतरी! ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सरावात उंच चेंडू हातांत झेलायला मी आणि मार्नीनं एकदमच उडी मारली. तिचा गुडघा माझ्या कानामागे बसला. मग एकदम गवत. ओलं, नाकाशी. आणि वर मार्नीचं घाबरलेलं तोंड — "ब्रायडी! ए, बोल ना!"

उठले. "आठ वर्षं एका संघात आहोत, आणि तुडवतेस मलाच?" म्हटलं. ती हसली नाही.

बाकी कुणी पाहिलं नाही. क्लबच्या डॉक्टर नुयेन पलीकडे कुणाचा तरी घोटा बांधत होत्या. सांगितलं असतं तर सरळ बारा दिवस बाहेर — डोक्याला मार म्हणजे नियमच आहे. शनिवारी साखळीतला शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरी, नाहीतर मोसम संपला. माझा करारही. आमचा कोच डॅरिल मागच्या आठवड्यातच म्हणाला, "एकतिसाव्या वर्षी नुसती मेहनत नको दाखवू, ब्राय. गोल दाखव."

दाखवते ना!

बुधवार, २९

फूट्सक्रेच्या बेकरीत बोर्ड बसवत होतो. दोन तारा उलट्या जोडल्या. मी! बारा वर्षं वायरमनचं काम करतेय. मेन चालू करायच्या आधी कामावरचा जोडीदार कॉस्टानं पाहिलं म्हणून निभावलं.

"प्रेमात पडलीस की काय?"

"हो. तुझ्या आईच्या हातच्या मुसाक्याच्या."

हसला. पण त्यानंतर दिवसभर एकाही बोर्डाला हात लावू दिला नाही.

गुरुवार, ३०

दोनदा उलटी. आईला फोनवर म्हटलं, कोळंबी बाधली.

शुक्रवार, ३१

मार्नीनं क्लबच्या पार्किंगमध्ये गाठलं. गाडीचं दार धरूनच उभी.

"उन्हात डोळे उघडवत नाहीयेत तुला. मी आंधळी आहे का?"

"उद्याचा एक सामना, मार्न. मग सांगते."

"आज. तू सांग, नाहीतर मी सांगते."

"सांग! आणि मग आयुष्यात तोंड दाखवू नकोस मला."

असं बोलले मी. मार्नीला. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे माझे केस धुऊन देणाऱ्या मार्नीला. तिनं दार सोडलं. मी गाडी काढली. आरशात ती तिथेच उभी दिसत होती.

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी वाट बघत बसले — आता फोन येईल, संघातून नाव काढलं म्हणून. आला नाही. खेळले.

तिसऱ्या सत्रापर्यंत दोन गोल. पाय आपले आपण पळत होते. कानात मात्र सतत एक बारीक शिट्टी.

शेवटचं मिनिट. चार गुणांनी मागे, आणि एका गोलाचे सहा. लांबून उंच चेंडू आला. आमची टिली चेंडूखाली येऊन थांबली होती — एकोणीस वर्षांची पोर, पहिलाच मोसम. "माझा!" ओरडली. ऐकलं मी. पण मला वर दोन चेंडू दिसत होते. दोन! एक तिचा असेल, दुसरा माझा, असंच वाटलं त्या क्षणी. उडी मारली.

माझा गुडघा तिच्या जबड्यावर बसला. तो आवाज —

चेंडू समोर पडला. उचलला. मारला. खांबांच्या मधून गेला. भोंगा वाजला. सगळ्याजणी माझ्या अंगावर, आणि टिली मागे तशीच पडलेली.

मार्नी तेवढी तिच्याकडे धावली.

रविवार, २

हॉस्पिटल. टिलीचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारांनी बांधलाय. बोलता येत नाही. फोनवर टाइप करून दाखवलं — 'जिंकलो ना? मग झालं. खेळात होतं असं.' तिच्या आईनं माझा हात दोन्ही हातांत धरला. थँक यू म्हणाली, आल्याबद्दल! मला तिथून पळावंसं वाटलं.

डॅरिलचा मेसेज: 'उद्या दहाला ये. दोन वर्षांचा करार. कमावलास तू.'

मार्नीनं सांगितलं नाही. मीच तिचं तोंड बंद केलं. तिनं बोलायला हवं होतं — असं मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. तोंड तर मलाही होतं.

सोमवार, ३

करार टेबलावर होता, वर पेन. मी बसलेच नाही. मंगळवारपासूनचं सगळं उभ्या उभ्या सांगितलं. डॅरिल मग म्हणाला, "माहितीये गं. मार्नी शुक्रवारीच येऊन सांगून गेली. डॉक्टरांना कळवतो म्हटलं मी तिला. पण तुलाही खेळायचंच होतं ना?"

सही केली नाही. आता डॉक्टर नुयेनांच्या दाराबाहेर बसलेय. मार्नीला फोन करून माफी मागितली, ती येतेय. इथे सगळं, डॅरिलनं दडवलं तेही, दोघी मिळून सांगू. टिलीच्या आईकडे मात्र मी एकटीच जाणार.