काटोंगो गोड बोलू लागला

२ जून २००४

जूनची थंडी हाडांत शिरलीय. पुस्तक तिथेच आहे. एस्नाथ शाळेत शिकवून आली की पहिला प्रश्न — "बाबा, कुठवर आलं?" काय सांगू तिला! चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात अडकलोय. जुना झेंडा उतरला, नवा चढला, गोरा साहेब गेला, त्याची टोपी खुंटीला राहिली. आणि मी चौकीच्या दारात खाकी हाफपँट घालून उभा. तिथून पाय उचलतच नाही.

पोरीची हौस. बापाची पोलिसातली नोकरी छापून यावी, नातवंडांनी वाचावी. बाप अक्षरं शिकला बराकीत, फिर्यादी उतरवता उतरवता. त्यामुळे पुस्तकही फिर्यादीसारखंच होतंय — अमुक ठिकाणी हजर झालो, तमुक इसमास ताब्यात घेतले. ह्या वहीत बरं. इथे बनियनवर बसता येतं.

५ जून

काटोंगो आला. फाटकातूनच ओरडला, "ए उंदीरखाऊ! आहेस का गेलास?"

"आहे रे माकडखाऊ! ये. शेपूट आवरून ये, कोंबड्या बिचकतात."

"पुस्तकात माझं नाव आलं का?"

"आलं की. पहिल्याच पानावर. भरतीच्या रांगेत माझ्यापुढे एक माकड उभं होतं, असं लिहिलंय."

"आणि त्या माकडाच्या खिशातला मका कुणी कुरतडला, ते लिहिलंस का?"

एस्नाथ शेंगा भाजत होती. हसता हसता तिने अर्ध्या शेंगा करपवल्या. करपलेल्या काटोंगोने खाल्ल्या आणि वर म्हणतो, "न्गोनी लोकांकडे आणखी काय मिळणार!"

तो गेल्यावर एस्नाथ म्हणाली, ही थट्टेची सोयरीक पुस्तकात नीट समजावून सांगा, आताच्या मुलांना काही माहीत नसतं. बसलो लिहायला. काटोंगो बेम्बा जमातीचा, मी न्गोनी. आमच्या पणजोबांनी भाल्यांनी एकमेकांची पोटं फाडली. दोन्हीकडचे दमले तेव्हा मिटलं. तेव्हापासून बेम्बाने न्गोनीला काहीही बोलावं, न्गोनीने बेम्बाला, रागवायचं नाही. आणि एक मेला की दुसऱ्याने जाऊन त्याला मातीत घालायचं. रडत नाही — मेलेल्याची टिंगल करत, रडणाऱ्यांना हसवत. खड्ड्यात उतरून बसायचं, घरच्यांनी काही कबूल केल्याशिवाय वर यायचं नाही.

वाचून बघितलं. बरं जमलंय. पण परक्याला वाटेल, वेडे आहेत हे लोक!

९ जून

इस्पितळ. बरेच दिवस सारखी तहान, पायांत जीव नाही, चक्कर. काटोंगो सोबत आला. मिनीबसमध्ये सगळ्यांना सांगत होता, "बायांनो, पिठाच्या पिशव्या वर धरा. हा माणूस पूर्वेकडचा न्गोनी आहे, कुरतडेल." ड्रायव्हरने हसून हसून थांबा चुकवला.

डॉक्टरीण लहान वयाची. रक्त तपासलं. साखर वाढलीय म्हणाली, गोळ्या दिल्या. मी गोळ्या घेऊन आलो तर काटोंगो बाकावर नाही. पाहतो तर तिच्याच खोलीच्या दारात उभा. ती हळू आवाजात काहीतरी सांगतेय, तिचा हात ह्याच्या खांद्यावर. हा खाली बघतोय.

"काय रे, पोरीला झाडावर चढायला शिकवतोस काय?"

त्याने माझ्या हातातली गोळ्यांची पुडी घेतली आणि चालायला लागला. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मला दिली. म्हणाला, "जेरे, तुम्ही इकडे बसा. इथे ऊन येतं."

१० जून

तुम्ही! मला!

१३ जून

आज पुस्तकात खाणीवरचा किस्सा उतरवला. सदुसष्ट सालचा असावा. फाटकाशी संपावरच्या कामगारांचा मोठा जमाव, हातात पहारी. आम्ही मूठभर. इन्स्पेक्टर नवा, बोलताना त्याचा आवाज चिरकत होता. बंदुका भरा म्हणाला. तेवढ्यात काटोंगो रांग सोडून पुढे गेला, टोपी काढली आणि आपल्या बेम्बांना म्हणाला — "भावांनो, माझ्या मागचा हा न्गोनी बघा! ह्याला सरकारने बंदूक दिलीय! जन्मात ह्याने उंदराशिवाय काही मारलेलं नाही. नेम चुकला तर तुम्ही मेलात. नाही चुकला तर भाजून खाईल!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काटोंगो वळून मला म्हणतो, "दात दाखव रे त्यांना!" दाखवले. काय करतो! आणि म्हटलं, "माकडखाऊंनो, पहारी कशाला आणल्यात, केळी काढायला?" हसण्याची लाटच आली. पहारी जमिनीला टेकल्या. त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. कितीतरी बाया विधवा व्हायच्या राहिल्या.

इन्स्पेक्टरने नंतर विचारलं, काय बोललास तू त्यांना? काटोंगो टाच आपटून म्हणाला, "साहेब, कायदा समजावला."

संध्याकाळी तो आला तेव्हा वाचून दाखवलं. वाटलं, आता म्हणेल, तुझे दात तेव्हाही किडलेलेच होते. तो म्हणाला, "छान लिहिलंत. तुम्ही मागे होतात म्हणून माझं धाडस झालं, जेरे."

चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याबद्दल एक चांगला शब्द बोलला नाही. आपल्याकडे गोड कुणाशी बोलतात? परक्याशी. नाहीतर जाणाऱ्याशी.

डॉक्टरीणबाईने मला साखर सांगितली. ह्याला दारात काय सांगितलं?

१७ जून

परीक्षा घ्यायची ठरवली. पोलिसाची खोड जात नाही. पूर्वेकडून, चिपाटाहून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून काडीत अडकवलेले भाजके उंदीर मागवले, केळीच्या पानात बांधले आणि काटोंगोकडे पाठवले. निरोप — माकडं परवडत नसतील तर हे घे. एवढ्यावर तर मेलेला बेम्बाही उठून बसेल!

उत्तर आलं: आभारी आहे. तुम्ही उगाच त्रास घेतलात.

संपलंच म्हणायचं.

१८ जून

एस्नाथला समोर बसवलं. "खरं सांग. मला काय झालंय?"

"साखर, बाबा."

"आणि?"

"आणि चहात तीन चमचे टाकता ते बंद करा."

"काटोंगो माझ्याशी गोड बोलतो."

ती म्हणाली, "काकांचं वय झालं असेल." खोटं बोलणारे चेहरे मी जन्मभर पाहिले. तिचा तसा नव्हता. पण डॉक्टर मुलींना सांगत नाहीत, मित्रांना सांगतात. मी असतो तरी तेच केलं असतं.

२१ जून

भीती वाटत नाही. नुसतं दमल्यासारखं वाटतं. वेगवेगळ्या चौक्या, नदीकाठची ती डासांची चौकी, सीमेपलीकडून पोरं पाठीशी बांधून येणाऱ्या बाया, टोपीत पाणी धरून पाजलेली ती म्हातारी — सगळं पुस्तकात घालायचं होतं. आता वाटतं, राहिलं तर राहिलं. ज्यांना पाजलं त्यांची तहान तर भागली.

लोकरी ओव्हरकोट शेजारच्या पहारेकऱ्याला दिला. एस्नाथ ओरडली — "ऐन थंडीत? डोकं फिरलंय का बाबा?" चहात साखर घातली नाही. मग घातली. आता काय फरक पडतो!

२५ जून

काटोंगोकडे गेलो. उन्हात चटईवर बसला होता, खांद्यावर ब्लँकेट. मुसोंडाच्या आईने — त्याच्या बायकोने — मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा वाढली, सुकट, भोपळ्याच्या पानांची भाजी. ह्याने एक गोळा मोडला आणि नुसता चुरत बसला. माझ्या काळजीने अन्न जात नाही ह्याला! उलट माझाच जीव तुटला त्याच्यासाठी.

म्हटलं, "काटोंगो, मला सगळं कळलंय."

तो दचकला. बायकोकडे बघितलं. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी पोलीस आहे. माझं जाऊ दे, मी तयार आहे. फक्त एक कबूल कर. माझ्या वेळी खड्ड्यात उतरून बसशील. आणि तोंडाचा पट्टा असा सोडशील की एस्नाथ हसली पाहिजे."

त्याचे डोळे भरले होते. मग म्हणाला, "ते माझ्याकडून व्हायचं नाही, जेरे. दुसरा कुणी बेम्बा बघा."

"दुसरा? दुसऱ्या कुणी माझे दात पाहिलेत?"

"पुस्तक लवकर संपवा," एवढंच म्हणाला. "खाणीवरचं ते पान परत वाचाल का?"

कागद खिशात होता. वाचलं. डोळे मिटून ऐकलं त्याने. 'कायदा समजावला' इथे ओठ जरा हलले. मुसोंडाची आई उठून आत गेली.

लवकर संपवा! म्हणजे फार दिवस नाहीत माझे. तोंडावर सांगितलं, हेही बरंच.

२६ जून

रागावू नये. सोयरिकीत राग नसतो. पण रागावलोय! खड्ड्यात उतरणार नाही म्हणे! मी तर त्याच्या बापाच्या खड्ड्यात उतरलो होतो. दोन कोंबड्या आणि आंबिलीचा घडा कबूल करून घेतला, तेव्हाच वर आलो. काटोंगो तेव्हा रडता रडता इतका हसला की त्याला उचकी लागली.

त्याच्याकडे जायचं नाही आता. त्याने यावं. शिव्या देत यावं.

३० जून

आला नाही.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहून काढलं. हात दुखतो. चक्कर मात्र थांबलीय, तहानही. डॉक्टरीणबाईच्या गोळ्या चांगल्या आहेत. मरताना तरी पाय ताजे राहतील.

४ जुलै

काटोंगोला पुरून आलो.

इस्पितळात त्या दिवशी त्याने स्वतःलाही तपासून घेतलं होतं. पोटात गाठ. केव्हाची. मुसोंडाची आई म्हणाली, "सांगू देत नव्हते. म्हणायचे, आता जाता जाता जेरेला वाकडं बोलायला जीभ वळत नाही." आणि मी आपला माझ्याच मरणाची तयारी करत बसलेला!

गुडघे वाकत नव्हते, तरी खड्ड्यात उतरलो. पाय पसरून बसलो. वरून सगळे — "जेरे, या वर. काय हवं ते सांगा. कोंबडी देऊ? दोन देऊ?"

म्हटलं, कोंबडी नको. ह्या माकडखाऊला सांगा, आधी मला एक शिवी दे. मग येतो.

सगळे हसले. मुसोंडाची आईसुद्धा.

मी बसून राहिलो.