सेनापतीचा खोकला

७ ऑक्टोबर १९७८, सकाळ
आजपासून बिडी बंद. कायमची. दिवाळीनंतर दिघोरीला मंडईची जत्रा, तिथे नाटक, सेनापती मी. शेवटच्या अंकात शत्रू झालेल्या टिकारामला तलवारीने आडवा करायचा. दम पाहिजे. कामावर राईस मिलचा कोंडा उडतो, त्याची फिकीर नाही. रोज गूळ खातो, गुळाने सगळी धूळ खाली उतरते.

९ ऑक्टोबर
खोकला दुप्पट. बिडी होती तेव्हा बरा होतो. मिलमध्ये टिकाराम म्हणाला, फडकं बांध न भाऊ तोंडाले. फडकी बायका बांधतात. त्याच्या कानाखाली जाळ काढला.

१० ऑक्टोबर
लाखांदूरला डॉक्टरांकडे. म्हणाले, श्वासनळीला आतून बारीक केस असतात, ते धूळ आणि कफ झाडत वर आणतात. बिडीच्या धुराने लुळे पडतात. आता जागे होऊन झाडू मारून राहिले, म्हणून खोकला. सोसा. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.
केस माझ्या छातीवर भरपूर आहेत, असं मी सुनावलं. टेबलावर मूठ हाणली. दौत फुटली.

११ ऑक्टोबर, पहाट
प्रयोग म्हणून एक बिडी. खोकला जागेवर थांबला. डॉक्टर खोटा, सिद्ध.
बायकोने, रुखमाने, बिडीचं बंडल चुलीत घातलं. मी लाथेने चूल फोडली. ती म्हणते, आता सयपाक तुमच्या डोक्शावर मांडू का? पाय भाजला. तिची चूक.

२० ऑक्टोबर
तालीम. नाटक बसवणारे भोजराज मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, परसराम, तू डायलॉग बोलून राहिला का खोकून राहिला, समजूनच नाही राहिलं. लाकडी तलवार त्यांच्या पाठीवर मोडली. राग सेनापतीला शोभतो.

१ नोव्हेंबर
रोज दोन बंडलं. खोकला साफ बंद. छाती भरल्यासारखी जड वाटते. ही ताकद.

६ नोव्हेंबर, लाखांदूर, दवाखाना
नाटक झालं. तलवार उगारली आणि श्वासच आत जाईना. गुडघ्यावर आलो. पब्लिक ओरडत होतं, मार त्याले, टिकाराम. त्याने मारलं नाही. मरायचं सोडून मला पाठीवर घेतलं आणि बैलगाडीत घातलं.
डॉक्टर म्हणतात, आत कफ साचून सडला आहे, आता खोका, जोरात खोका. टिकाराम पाठ थोपटत होता. खोक न भाऊ, म्हणत होता.
सगळा जोर लावला. खोकताच येईना.