शीलाची रोटी, माही शपथ

१२ नोव्हें., बुध.
प्रज्ञाचा फोन पिठाच्या डब्यात खुपसला. वर वरवंटा ठेवला. दहावीत हाय पोट्टी, अन् दिवसभर अंगठा चालू. आज नळावर बायांनी मलेच व्हिडिओ दाखवला. माही जाऊ शीला चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर लंबी रोटी टाकून राहिली. पदर खोचून, टिकली लावून, हसून राहिली. खाली नुस्ते लाल लाल दिल. काढणारी कोण, तं माही पोरगी. एक बाई म्हणे, "तुही जाऊ तं हिरोइन झाली वं."
मौद्याहून लग्न होऊन आली तवा तिले साधी पोळी धड येत नव्हती. पहिल्या कितीक रोट्या चुलीत पडल्या. हात धरून शिकवलं कोणं?

१३, गुरु.
फोन मागून राहिली. शाळेचा अभ्यास त्याच्यावरच येते म्हणे. म्हटलं, अभ्यासात शीला येते का?
यायनं, प्रज्ञाच्या बाबानं, जेवता जेवता तोंड घातलं, "तुले फोनचा राग हाय का शीलाचा?" ताट तसंच ठेवून उठली मी.
उन्हाळ्यातलं विसरले वाटते. प्रज्ञानं तवा माहाच व्हिडिओ काढला होता. केस पिंजारलेले, रोटीच्या गिऱ्हाइकावर ओरडून राहिली मी. वर्गातल्या पोरी माहा आवाज काढून तिले चिडवत. शाळेत हसे, घरी येऊन रडे. मंग तिचा हात माह्या डोक्यावर ठेवून माही शपथ घातली. माहं तोंड, माहं नाव, काहीच फोनात नाही आलं पाहिजे.
झालं. मंग शीलाले पकडलं तिनं.

१५, शनि.
फोन देऊन टाकला. सांगतलं, माह्या चुलीजवळ नाही आणायचा. "बरं, काकूच्या चुलीजवळ," म्हणे. अन् चालली.
भिंतीपलीकडे शीलाचं घर. दोघी खिदळून राहिल्या. जाऊन डोकावलं. प्रज्ञा तिची वेणी घालून राहिली होती, व्हिडिओसाठी. माह्या केसाले पोरीचा हात कधी लागला, आठवून पाहिलं. नाही आठवलं.

१६, रवि.
रस्त्याच्या कडेले आमच्या दोघींच्या चुली, लागून लागून. संध्याकाळी शहरातून, धरमपेठेतून गाडी आली. नवरा-बायको. मी कोपरापर्यंत पिठात. बाई म्हणे, "रोटीवाल्या काकू कुठे आहेत?" म्हटलं, मी कोण दिसून राहिली? "तुम्ही नाही हो. त्या व्हिडिओतल्या."
शीला घरी गेली होती पाण्याले. थांबले बाप्पा ते! माहा मटका तापलेला, अन् गाडीत बसून थांबले.
मंग माही रोटी फाटली. तीनदा. कितीक वर्षं फाटली नव्हती.

१८, मंगळ.
यायच्या फोनवर पाहिला तो व्हिडिओ. चोरून. चारदा. कोपर उचलते ते, मटक्यावर टाकायच्या आधी रोटी एकदा झटकते ते, सगळं माहं हाय. बांगड्या तेवढ्या तिच्या.

१९, बुध.
आज शीलाले अडवलं. "एवढी जगात मिरवून राहिली, शिकवलं कोणं हे सांगायले तोंड नव्हतं का?"
पीठ मळता मळता थांबली. "ताई, पहिलं वाक्य तेच होतं माहं. आमच्या ताईनं शिकवलं म्हणून. प्रज्ञानं काटलं. विचारा तिले."
विचारलं. प्रज्ञा म्हणे, "तूच शपथ घातली ना! तुहं नाव नाही घ्यायचं. तुले काही झालं असतं तं?"
एवढी मोठी घोडी, अन् शपथेले भेते. मले काही होईल म्हणून. आता भांडू कोणाशी? फोनशी भांडू, पोरीशी, का शीलाशी? घासलेले भांडे पुन्हा घासले.

२०, गुरु.
"आई, शपथ सुटली म्हण ना. एकदाच. मंग तुहा काढते."
म्हटलं, "तुही काकू हाय ना सुंदर."
"तुह्यासारखी रोटी तिले नाही येत. तिच्या कडा जाड राहतात."
हे मले माहीत होतं. तिलेही माहीत हाय, हे माहीत नव्हतं.
तरी नाही म्हटलं. पोरी हसतील म्हणून सांगतलं तिले. खरं ते नाही. मले पाहून लोकांनी शीलाच बरी म्हटलं तं? लिवून टाकते, सांगत नाही कोणाले.

२३, रवि.
दुपारीच केस विंचरले. निळी साडी काढली, लग्नात नेसते ती. यायनं पाहिलं, अन् पेपरात डोकं घातलं. शहाणे.
चुलीवर मटका चढवला. शीला तिच्या चुलीवरून ओरडली, "ताई, आज कोणाच्या लग्नाले?" म्हटलं, "तुह्या."
प्रज्ञा येऊन समोर बसली. फोन मांडीवर पालथा. उचलला नाही, नुस्ती माह्या तोंडाकडे पाहून राहिली. "सुटली" हा शब्द जिभेवर आला होता माह्या. पण शीलाही पाहून राहिली होती, हात थांबवून.
रोटी हातावर लांबवली. कोपरापर्यंत आली, पातळ, एकसारखी, कडासुद्धा. मटक्यावर टाकली. नाही फाटली.
म्हटलं, "टिकली वाकडी हाय का वं माही?"
माहे दोन्ही हात पिठाचे. प्रज्ञा उठली. बोटानं सरकवली, सरळ केली, केस मागं केले. मंग जाग्यावर जाऊन बसली. फोन अजून पालथाच.