बारा रुपयांच्या आतली सुरी

१२ एप्रिल १९५८, सकाळ
निश्चय झाला. रानात जायचं. आंबोलीच्या वर, एकट्याने, तीन महिने. दुःख वगैरे काही नाही. माणसाने एकदा निसर्गात राहून बघावं, एवढंच. शेजारच्या दाजींच्या सुगंधाचं लग्न नऊ मेला ठरलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. नवरा मुंबईला गोदीत क्लार्क आहे म्हणे. असेल.
निघण्याची तारीख : एक मे. पक्की.
कोल्हापूरचं कॉलेज मी मध्येच सोडलं ते सुगंधाला बघायला माणसं येऊ लागली हे कळल्यावर. घरी सांगितलं, प्रोफेसरांशी तत्त्वावरून भांडलो. (भांडलोही होतो.) खरं कारण तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतो आहे.

दुपार
कॉलेजच्या लायब्ररीचं एक इंग्रजी स्काउटिंगचं पुस्तक माझ्याबरोबर चुकून आलं आहे. त्यात लिहिलंय, रानात पहिली गरज अन्नाची नाही, सुरीची. नियम उतरवून घेतले. मिटणारा चाकू नको, सांधा आला की दगा आला. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. पाच इंच पुरे. मोठी सुरी नवशिके घेतात. पोलाद साधंच, पण नदीतल्या दगडावर धार लागली पाहिजे. माझी स्वतःची अट एकच : बारा रुपयांच्या आत. लॉजिकचं आणि इकॉनॉमिक्सचं पुस्तक विकून तेवढेच आले.
संकल्प : कुंपणापलीकडे बघायचं नाही.

संध्याकाळ
एकदा बघितलं. वाऱ्याची दिशा पाहायची होती. सुगंधा अंगणातली वाळलेली कोकमाची सोलं सुपात भरत होती. वारा पश्चिमेचा.

१५ एप्रिल
मालवणच्या बाजारात गेलो. दुकानदाराने सगळे मिटणारेच चाकू काढले. एकाची मूठ शिंपल्याची, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. मी त्याला सांधा आणि दगा समजावून सांगितला. तो म्हणाला, कापूचा काय आसा? आंबे काय मासळी? मी म्हटलं, कापायचं काही नाही, जगायचं आहे. त्याने मागच्या भावाला हाक मारून ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मग दोघे हसले. मी चाकू फळीवर आपटला आणि निघून आलो. तत्त्वाचा प्रश्न.
घरी पोचलो तर आईला आधीच कळलं होतं. म्हणाली, आदी जेव, मगे खंय जगाचा तां जग.
जेवलो.

१८ एप्रिल
तारकर्लीला पेद्रूकडे. हा पंधरा वर्षं बोटीवर होता. त्याच्याकडे जर्मन सुरी आहे असं ऐकलं होतं. आहे! कातडी म्यान, हरणाच्या शिंगाची मूठ, पातं आरपार. हातात घेतली आणि तीन महिने डोळ्यांसमोर उभे राहिले : मी, दाढी, शेकोटी. परत येतो तेव्हा सुगंधा दारात.
किंमत विचारली. पेद्रू म्हणाला तीस. माझा चेहरा बघून म्हणाला, बाबा, पोरगी खंयची? मी म्हटलं पोरगीचा काय संबंध. तो म्हणाला, माझी मारियान दोनदा रागान माहेराक गेली. मी काय रानात नाय गेलंय, सासरवाडीक गेलंय. आतून मारियान ओरडली, आणि आठ दिस फुकट जेवलो, तांय सांग.
त्या सुरीने त्याने मला कालवं उघडून दिली. उत्तम होती. सुरी आणि कालवंही.
पेद्रूचा सल्ला : महादू लोहाराकडे जा. लॉरीच्या मोडक्या कमानपाट्याचं पोलाद जर्मनीला हार जात नाही.

२० एप्रिल
महादूकडे पाच इंचांचं ड्रॉइंग घेऊन गेलो. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग त्यावर तंबाखू मळली. म्हणाला, रानात जाणारो मनीस कोयती घेता. कोयतीन लाकूड तुटता, नारळ सोलता, जनावर मरता. ह्या वितीएवढ्यान काय करतलस, नखां काढतलस? मी चिडून म्हटलं, कोयती कोणाकडेही असते. तो म्हणाला, तां खरां. आणि भाता चालू केला.
नऊ रुपये. खैराची मूठ. आठ दिवसांनी ये म्हणाला. बजेटात! निवड कशी करावी हे माणसाला कळलं पाहिजे.
वाटेत विचार आला : कंबरेला सुरी लावून निघालो की सुगंधा कुंपणाशी येईल. म्हणेल, नको जाऊ. मी थांबणार नाही.
थांबेन, पण लगेच नाही.

२८ एप्रिल
सुरी आली. काळपट पातं, धारेपुरती पांढरी रेघ. मूठ मुठीत अशी बसते की जणू हात मोजून केली. अंगणात बांबूचा तुकडा तासला. जमलं. दुसरा तासताना अंगठा कापला.
रक्त बघून सुगंधा कुंपण ओलांडून आली. हळद भरली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. माझा हात तिच्या हातात होता. अंदाजे चार मिनिटं. म्हणाली, रानात जातंस म्हणान ऐकलंय. थंय तुका करून कोण घालतला? हीच ती योग्य वेळ. मी तोंड उघडलं. कॉलेजचं सांगायचं होतं. पण पातं मुठीत शेवटापर्यंत का जावं लागतं ते सांगितलं. मिटणाऱ्या चाकूचे दोष सांगितले. ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती. जाताना म्हणाली, बरी आसा रे सुरी.
बरी आसा. दुसऱ्या कुणाला म्हणाली असती?

१ मे
निघालो नाही. अंगठा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, जखम घेऊन रानात शिरू नये.

४ मे
आईने आमचं घर वऱ्हाडाच्या बिऱ्हाडाला दिलं. मला न विचारता. मी म्हटलं, आजच निघतो. ती म्हणाली, जा, पण बाव्यावरचां पाणी कोण काढतलो? विहिरीच्या सत्तर घागरी काढल्या. सुरी कंबरेलाच होती.

८ मे
नवऱ्याला आमच्याच ओसरीवर हळद लागली. माणूस बुटका, हसरा. मला म्हणाला, तुम्हीच ते रानात जाणारे? मला फार हौस हो अशी, पण रजा मिळत नाही. याचा राग करावा कसा? केला.
हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवऱ्याच्या हातात लोखंड हवं, नाहीतर बाहेरचं काही लागतं. गडबडीत कट्यार मुंबईला राहिली होती. त्याने खिशातून चाकू काढला. मिटणारा. त्याची आत्या कडाडली, पेन्सिल तासूचो चाकू तो! भूत हेका भितला काय? हसतला.
धावपळ झाली. मग दाजी स्वतः कुंपणातून आले. म्हणाले, आमचां सुगंधा म्हणता, गुरुदासाकडे पक्क्या पात्याची सुरी आसा, मिटणारी नाय, मुठीच्या शेवटाक गेल्ली.
माझेच शब्द.
सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. सोडली कंबरेची, दिली. आत्याने टोकाला लिंबू खोचलं. नवरा म्हणाला, वा, बॅलन्स काय आहे!
एका दृष्टीने बघितलं तर तिच्या लग्नात तिने माझी वस्तू मागितली. दुसऱ्या दृष्टीने बघायचं नाही असं ठरवलं आहे.

९ मे
लागलं.

१० मे, बंदर
वरात आज बोटीने मुंबईला. सुरी मागायला गेलो होतो. सुरीच मागायला. सुगंधा होडीत बसली होती, हिरव्या चुड्यात. कॉलेजचं सांगायला पाण्यात गुडघाभर शिरलो. ती म्हणाली, अरे, तुझी सुरी ह्यांच्याकडेच रवली, बॅगेत आसा, काढू? मी म्हटलं, असू दे, माझ्याकडे दुसरी आहे.
दुसरी नाही.
होडी गेली. चप्पल एकच सापडली.

१४ मे
सुरीशिवाय रानात जाणं हा शुद्ध मूर्खपणा. पुस्तक पान अकरा. नवीन करायला तीनच रुपये उरलेत. महादूकडे गेलो नाही. अंगठा बरा आहे. चिंधी काढलेली नाही.

१९ जून
आईच्या नावे सुगंधाचं पत्र. आईला वाचता येत नाही, म्हणून मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. दोन खोल्या आहेत. नळ पहाटे येतो. सासूबाई बऱ्या आहेत. सुरीने मासळी छान कापली जाते, खवलं काढायलाही तीच; चाळीतल्या बायका मागून नेतात. पुढे : गुरुदासदादा रानातून आला का? इथं पाऊस पडला की हे म्हणतात, तुमचा तो शेजारी रानात कसा असेल. मलाही तेच मनात येतं. सुरीवाचून त्याचं अडलं असेल, माझ्यामुळे. जेवतो कुठे?
इथं थांबलो. आई म्हणाली, पुढे वाच. पुढे काही नव्हतं.
मग आईने मलाच उत्तर लिहायला बसवलं. ती सांगेल ते लिहायचं. नारळ पाठवतो. गाय व्याली. मग म्हणाली, लिव, गुरुदास खंयच गेलो नाय. दोन वेळा जेवता आणि निजता.
मी म्हटलं, हे लिहायलाच हवं का? ती म्हणाली, तिचो जीव लागलो आसा तकडे, लिव मेल्या.
लिहिलं. ‘चि. गुरुदास घरीच आहे. काळजी नसावी.’
अक्षर जरा वाकडं काढलं. माझं आहे हे तिच्या लक्षात येऊ नये.