यामिनीच्या मशीनसाठी

यामिनीताई,

स्पेलिंगला हसू नकोस, आणि टायपिंगपण एका बोटाने चाललंय. तसं हे मी तुला पाठवणार नाहीच आहे.

शाळा सोडल्यापासून मी रोज दुपारी शेजारच्या फेलनआजीकडे जाते. मला लोकांशी बोलायला जमत नाही, पण तिथे बोलावं लागतच नाही. ती चहा ओतते आणि आपल्या पोर्टलीश गावातलं जुनं जुनं सांगते. मेन स्ट्रीटवर गुरांचा बाजार भरायचा म्हणे. एकदा एक वासरू फोटोवाल्याच्या दुकानात शिरलं आणि थेट नवरीच्या शेजारी जाऊन उभं राहिलं. हे सगळं ती फक्त मला सांगायची.

मग तू कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कॉर्कहून टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे आलीस. एकच वीकेंड. तिने लिपस्टिक लावली होती, ताई. माझ्यासाठी कधीच नाही लावली.

काल ती तिच्या पहिल्या डान्सचं सांगत होती. तो मुलगा हॉलच्या त्या टोकापासून तिच्याकडे चालत येत होता, आणि ही मधेच थांबली. "नको गं पोरी, हे यामिनीच्या मशीनसाठी ठेवू. उगाच वाया कशाला घालवायचं?"

मी "ग्रँड, चालेल" म्हणाले आणि कप धुवायला घेतले.

तर तू लवकर ये. चांगलं चांगलं सगळं टेप करून घेऊन जा एकदाचं. मग उरलंसुरलं ती मला सांगेल, आधीसारखं.

बाबा ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले, चौथ्या वेळी.

मुक्ता