सतराच्या पाढ्याचा ठेका

अनगोळ, बेळगाव
शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९८४

आदरणीय आप्पा आणि आई,
ताराचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक. बाळाआत्याचे गुडघे दुखतात, पण उन्हात बसली की बरं वाटतं म्हणते. माझी शाळा चालू आहे. आईचा खोकला कसा आहे ते तुमच्या कार्डात नव्हतं, ते कळवावं.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की भरमादादाने सगळं इंग्रजी वाजवलं, मधे फक्त थोडा वेळ आपल्या पाढ्यांचा ठेका धरला, आणि तो ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. यातलं 'थोडा वेळ' खरं नाही. बराच वेळ वाजवला. आणि तो पाढ्यांचा ठेका नव्हता, हे मला आता कळलं आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं.

तुम्ही लिहिलं होतंत, जा आणि नीट ऐक, भरमा चामडं वाजवत नसला तर बंगळूरला जायच्या आधी आईला भेटून जाऊ दे. मी नीट ऐकलं. पण लिहिताना कापून लिहिलं. आता सगळं लिहिते.

कॅम्पातल्या एका मैदानात गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. मी आधीच जाऊन दादाच्या ड्रमवर हात फिरवून पाहिला. वरचं पान प्लॅस्टिकचं आहे, चामड्याचं नाही. त्याने मला तसं करताना पाहिलं. नंतर खुर्चीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तारे, गाणं ऐकत बसू नगं. एक वाद्य धर आन् त्येच्या मागनं चालत ऱ्हा. न्हायतर नुसता कालवा ऐकू यील."

पहिली दोन गाणी मला नुसता कालवाच ऐकू आला. वहीत काय लिहू तेही सुचेना. मग मी जाड तारांचं गिटार धरलं, कारण ते सगळ्यांत कमी बोलत होतं. त्याच्या मागे चालता चालता बाकीची वाद्यं वेगळी होऊ लागली, गर्दीत आपलं माणूस दिसलं की त्याच्या आजूबाजूची माणसंही दिसायला लागतात तशी. गाणाऱ्याचे शब्द संपले. मला वाटलं, गाणं संपलं, मी टाळीसाठी हात वरही केले. पण कुणी थांबलं नाही. गाणारा बाजूला जाऊन पाणी पिऊ लागला आणि उरलेले चौघे एकमेकांकडे बघत पुढे निघाले. माझ्या शेजारी एक म्हातारे पेन्शनर बसले होते, ते म्हणाले, "ह्यास्नी गाणं संपवायची वाट घावंना झालीया." मलाही तसंच वाटलं होतं.

मग एका जागी गिटारवाल्याचं बोट चुकलं. मला संगीत कळत नाही, पण तो सूर आंबट लागला हे माझ्यासारखीलाही कळलं. त्याने मान खाली घातली नाही. तोच सूर मुद्दाम पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि जाड तारांचा गिटारवाला हसून त्याच्याखाली येऊन उभा राहिला. दादाने त्यावर हलकेच काठी टाकली. थोड्याच वेळात ती चूकच गाण्याचा रस्ता झाली. आप्पा, मी रोज लाल शाईने चुका खोडते. तुम्हीही माझी पाटी पुसायला लावून पुन्हा लिहून घ्यायचात. न पुसता पुढे जाता येतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं की भीती वाटली हे अजून नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर एकेक करून सगळे गप्प झाले आणि एकटा दादा राहिला. पायाचा मोठा ड्रम मंद चालू होता. त्याने डाव्या हातातली काठी उलटी धरली, बारीक टोक वर घेतलं, आणि उजव्या हाताने जाड, डाव्याने बारीक असं वाजवायला लागला. माझे ओठ आपोआप हलू लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. मी आपल्या निपाणीच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेसमोर बसले होते. वखारीतून आल्यावर, हाताला तंबाखूचा वास असताना, तुम्ही ट्रंकेच्या झाकणावर उजव्या हाताचं बोट आणि डाव्या हाताची नखं वाजवत आम्हा दोघांकडून पाढे म्हणून घ्यायचात. शाळेत नाव घालायच्या आधी मला तीसपर्यंत येत होतं ते त्यामुळेच.

तो ठेका दादाने तिथेच ठेवला नाही. मोडला, उलटा केला, मधला एक ठोका गाळला आणि ती गाळलेली जागा सगळ्या मैदानाला ऐकू आली. मग बाकीचे त्यात शिरले. पेन्शनरांचा पाय हलत होता.

कार्यक्रम संपल्यावर मी दादाला विचारलं, पाढे का वाजवलेस? तो घामाने भिजला होता. म्हणाला, "ठरवून न्हाय गं. हात तिकडं गेला." एवढंच मी तुम्हाला लिहिलं, कौतुक म्हणून लिहिलं.

तुमचं कार्ड आलं. दोनच वाक्यं होती. पाढ्यांना ठेका नसतो. भरमाने इकडे येऊ नये.

मला काहीच उलगडेना. आत्या सुपात तांदूळ निवडत होती, तिने कार्ड वाचून दाखव म्हटलं. दाखवलं. कसला ठेका, म्हणाली. मी पिठाच्या डब्यावर वाजवून दाखवला. तिचा हात सुपातच राहिला.

"परत वाजीव," म्हणाली.

मी परत वाजवला.

"कुठनं घेतलीस गं ह्ये? ही तुझ्या आप्पाची हलगी हाय."

आप्पा, तुम्ही गावकीचं वाजवणं सोडलंत, चामड्याची हलगी जाळलीत, त्यासाठी गावाचा मार खाल्लात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आपल्या गल्लीतून कुठलीही मिरवणूक निघाली की तुम्ही खिडकी लावून घ्यायचात. हलगी म्हणजे काय हे मी बंद खिडकीच्या आतून ऐकलं आहे. त्यामुळे तुम्ही स्वतः ट्रंकेवर काय वाजवत होता हे मला कळलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही कळलं नसेल. माझं पत्र वाचून कळलं असेल. ते वाचताना तुम्हाला कसं वाटलं असेल याचा मी आठवडाभर विचार करते आहे. मी आनंदाने लिहिलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पण आत्याने आणखी एक सांगितलं. तेही लिहायला हवं, नाहीतर हीसुद्धा अर्धी हकिगत होईल. ती म्हणाली, हा ठेका मढ्यापुढचा नव्हे आणि जत्रेचाही नव्हे. गावाचं काम उरकून परत येताना तुम्ही ओढ्याच्या अलीकडे थांबायचात, काटक्या पेटवून हलगी शेकायचात आणि कुणी न सांगितलेलं वाजवायचात. सुरुवात हीच. पुढे रोज निराळं. बायका भाकरी थापायच्या थांबायच्या. मी विचारलं, मग आप्पांनी ते का सोडलं? ती म्हणाली, "हलगी एकच हुती की गं. ह्येला एक आन् त्येला एक, आसं कुटं हुतं?"

याच्यावर मी तुम्हाला काही शिकवावं एवढी मी मोठी नाही. तुम्ही जे सोडलंत त्यामुळे मी मास्तरीण झाले, हे मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी दादाच्या गळ्यात मिरवणुकीतली हलगी पाहून तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत, तेव्हाही मी तुमच्या बाजूने होते. त्याला तसं तोंडावर बोललेसुद्धा.

परवा वर्गात मी मुलांना ठेक्याशिवाय पाढे म्हणायला लावून पाहिले. तुमचं कार्ड खरं मानून. एक्कावन्नपाशी सगळी अडकली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने बाकावर बोटं वाजवली आणि वर्ग पुढे सरकला. ती बोटं तिने माझ्याकडूनच उचलली आहेत. चार वर्षं मी टेबलावर हेच वाजवते आहे. तेव्हा दादाला या कारणाने दार बंद असेल, तर ते मलाही बंद आहे. हे मी रागाने लिहीत नाही. हिशेबाने तसंच येतं.

आणि एक. तुमचं कार्ड मी दादाला दाखवलेलं नाही. तो दोनदा विचारून गेला, आप्पांचं काही आलं का. मी म्हटलं, आईचा खोकला बरा नाही, एवढंच आलं आहे. तेही कार्डात नव्हतं, माझ्या मनचं होतं. त्याने आईसाठी कॅम्पातून औषधाची बाटली आणून ठेवली आहे. ती माझ्या खिडकीत आहे.

मी थकले, आप्पा. तुम्ही तिकडून विचारता, तो इकडून विचारतो आणि मी मधे उभी राहून कोणतं वाक्य किती सांगायचं ते ठरवते. तुम्ही मला खरं लिहायला शिकवलंत, पण खरं लिहिलं की एक दार लागतं आणि झाकलं की माझी झोप जाते. यापुढे कुणाचंही वाजवणं ऐकून मी दुसऱ्याला लिहिणार नाही. हे शेवटचं.

एक मार्चला त्यांचा बँड बंगळूरला जातो. तिथल्या हॉटेलात वर्षभराचं काम आहे. उद्या शाळा सुटल्यावर मी दादाला कार्ड वाचून दाखवणार आहे, या पत्राची नक्कलही. ऐकून तो येत नाही म्हणाला तर मी एकटी येईन. येतो म्हणाला तर दोघं येऊ. त्याला नको म्हणायचं असेल तर ते कार्डावर नको, तोंडाने म्हणा, मी मागे उभी असेन. आईला मात्र आधी सांगून ठेवा, ती दचकायला नको.

निपाणीची सकाळची पहिली गाडी. पुढच्या रविवारी, २६ फेब्रुवारीला.

तुम्ही शिकवलेली,
तारा