शेरू मेला, तुम्ही सुई घ्या

अहो,

बाजारातून आलात की आधी हे वाचा. आपला शेरू सकाळी मेला. तोंडातून लाळ गळत होती, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. शेजारच्या गोपालभाऊंनी फावड्यानं ओढून पुरला. गावातल्या बाकी कुत्र्यांना लस टोचा म्हणून सांगायला ते ग्रामपंचायतीत गेले आहेत. शेरूच्या ताटलीला हात लावू नका.

त्यानं वैशूचा खरचटलेला गुडघा चाटला होता, म्हणून तिला घेऊन मी सेवाग्रामच्या दवाखान्यात निघाले. पण जीव तुमच्यात अडकला आहे. तुमच्या हाताला तर त्याचा दात लागलाय. भगतानं जखमेत मिरची भरली, गंडा बांधला आणि वर बजावलं, "अमावस्येपर्यंत सुई घ्याची नाई, मंत्र उतरते." इकडे नर्सबाई म्हणतात, "ताई, एकदा रोग चढला की मंग औषधच नाई. दाजीले आजच पाठवा." आता सुई पोटात नाही, दंडात देतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा आणि तसेच निघा.

भगताचं पथ्य मोडल्याचं पाप लागणार असेल, तर ते मी देवाजवळ माझ्या नावावर मागून घेतलं आहे.

तुमच्याशी मी कधी वरच्या आवाजात बोलले नाही, आजही भांडत नाही. माझे नेम तुम्ही पाहता, एकही कधी मोडला नाही. आज देवापुढे बोलून निघाले आहे, तुमच्या दंडात सुई जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. दवाखान्याच्या दारातच बसून राहीन.

ऊन फार आहे हो. लवकर या.

वैशूची आई